आज तुम्हाला निळे वाटते का?

मामाजी, तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी राहुलने मला तुमच्या मोबाईलचं लॉक विचारलं आणि मी म्हटलं, मला माहीत नाही. तुमच्या मुलाशी मी तोंडावर खोटं बोलले. मला माहीत होतं. तो फोन मीच सुरू करून दिला होता. बोटाने ओढायची खूणही मीच ठरवली होती, कारण तार गुंडाळून आणि वार्निश लावून तुमची बोटं इतकी जाड झाली होती की एक आकडा दाबायला जावं तर दोन दाबले जायचे.

राहुलचं काम साधं होतं. पुण्यानुमोदनाचा, तुमच्या नावाने वंदना घ्यायचा दिवस सगळ्यांना कळवायचा होता आणि तुमची निम्मी माणसं त्या फोनमध्येच होती. तीही फक्त तुम्हालाच ओळखू येतील अशा नावांनी. 'अनसिंग पाच एचपी.' 'मानोरा सबमर्सिबल.' 'बेअरिंगवाला काळा शर्ट.' माणूस गेला की त्याचा फोन घरचे उघडतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं. पण आपल्या दोघांत एक ठराव होता आणि तो माझ्याच भांडणातून झाला होता. तो मोडायला मला अजून तीन दिवस लागले.

आज घरात मी एकटी आहे. तुमच्याशी बोलायचं राहून गेलंय ते बोलून घेते. पहिल्यापासून सांगते, कारण अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही. गिऱ्हाईक नुसतं 'मोटार बंद पडली' म्हणालं की तुम्ही विचारायचात, "बंद पडली म्हंजे काय झालं? आवाज करून पडली का चूपचाप?"

लग्न होऊन मी केनवडला आले तेव्हा रोडवरचं ते एका शटरचं मोटार वाइंडिंगचं दुकान तुमचं एकट्याचं होतं. राहुल पुण्याकडे कंपनीत. तिथे पाच जणांत एक खोली, त्यामुळे 'धड खोली मिळाली की नेतो' हे तो दर दिवाळीला म्हणायचा. दुसऱ्या वर्षी तुम्ही काही न बोलता दुकानाच्या मधोमध प्लायवूडची फळी ठोकली. फळीच्या तिकडे तुमच्या जळालेल्या मोटारी आणि तांब्याच्या तारेची रिळं. इकडे माझं झेरॉक्सचं मशीन, लॅपटॉप आणि ऑनलाइन फॉर्म. सून दुकानात बसते म्हणून एकाने तुम्हाला टोकलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ते बी.ए. हाय. मी सातवी नापास. मंग दुकानात कोन बसावं, सांग बरं?"

आत्याबाई, म्हणजे तुमची बायको, दुपारी बाराच्या ठोक्याला डबा घेऊन यायच्या. तुम्ही जेवायचात आणि त्या स्टुलावर बसून तुमच्याकडे बघत गावातल्या बातम्या सांगायच्या. त्या आठ दिवसांच्या तापात गेल्या आणि तुम्ही शटर पाडलं. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, व्होल्टेज कमी, रोज कुणाची तरी मोटार जळत होती. लोक घरी येऊन उभे राहायचे आणि तुम्ही हात दाखवायचात. "चालत नाई बाप्पा हात. पाह्य, बसून राह्यते नुसता."

तुमच्या अंगात शर्ट लोंबायला लागला होता, पण रोज बघणाऱ्या मला ते दिसलं नाही. दिसलं शेजारच्या रफिकभाई टेलरला. एक दिवस ते फळीशी येऊन उभे राहिले. "भाभी, दोन महिन्यात मामूचा शर्ट दोनदा आत घेतला मी. आता नुसता कपडा राह्यला, आदमी नाई राह्यला. कहीं दिखाओ उनको."

म्हणून आपण वाशिमला मनाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. राहुल फोनवर ओरडला होता, "बाबांना वेड्याच्या डॉक्टरकडे नेतेस? गावात काय सांगशील?" फोन स्पीकरवर होता हे त्याला माहीत नव्हतं. तुम्ही बाजेवरूनच म्हणालात, "कॉइल जळली म्हना म्हनाव." दोन महिन्यांत तुम्ही केलेला तो पहिला विनोद. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मॅडमनी गोळ्या दिल्या आणि तुमच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज संध्याकाळी भरायचं. आज कसं वाटलं, त्याचे पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मग झोप किती, जेवण किती, आणि खाली काही प्रश्न. महिन्याने दाखवायचं. तुम्हाला ते आवडलं. मीटर लावल्याशिवाय कुठल्याही वस्तूबद्दल बोलायचं नाही, ही तुमची शिस्तच होती.

ॲपचं मराठी मात्र कुणी केलं होतं कोण जाणे. 'तुमची ऊर्जा कशी आहे?' असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "थ्री फेज लिही." आणि एक प्रश्न होता, 'आज तुम्हाला निळे वाटते का?' खाली तीन उत्तरं: अजिबात नाही, थोडे, खूप. पहिल्या दिवशी तुम्ही चष्मा वर करून तो दोनदा वाचलात. मग माझ्याकडे बघितलंत. "ॲप आपल्या मान्साचं दिसते," म्हणालात आणि 'खूप' दाबलंत. रोज. एक दिवससुद्धा चुकवला नाही. मलाही तेव्हा काही खटकलं नाही. खरं सांगते, मला अभिमानच वाटला.

महिन्याने मॅडमनी तो फोन हातात घेऊन खाली-वर सरकवून बघितला. त्यांच्या कपाळावर आठ्या. "काका, चेहरा रोज हसरा आहे. आणि रोज 'खूप निळे'? रोज?"

"निळा तं आमचा झेंडा हाय, मॅडम," तुम्ही म्हणालात. "बाबासायबाचा. निळं नाई वाटनार तं काय वाटन?"

मॅडमना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं, इंग्रजीत उदास वाटण्याला निळं वाटणं म्हणतात, या ॲपवाल्यांनी ते शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलंय. महिनाभर त्या ॲपच्या हिशेबाने तुम्ही जिल्ह्यातले सगळ्यात दुःखी माणूस होतात. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तुम्ही मात्र गंभीर. "मंग ते इंग्रजाचं चुकलं," म्हणालात.

"आणि हसरा चेहरा, काका? तो तरी खरा आहे का?"

तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. परत येताना बसमध्ये म्हणालात, "तू पाह्यतं ना ते रोज. रडका दाबला तं तुले घोर लागते. कायले उगीच?" तिथून आपलं भांडण सुरू झालं, मामाजी. ते अजून मिटलेलं नाही.

त्या ॲपने तुम्हाला बरं केलं असं मी कुणाला सांगणार नाही. झोप गोळ्यांनी आली. बाकीचं हळूहळू आलं. पण ते भरायचं होतं म्हणून संध्याकाळी सहाला आपण फळीच्या अल्याडपल्याड चहा घेऊन बसायला लागलो. आधी दोन मिनिटं, मग अर्धा तास. बसायचंच आहे तर शटर उघडं राहू द्यावं, आणि शटर उघडं आहे तर एखादी मोटार खोलून बघावी, असं करत तुमचा हात पुन्हा चालायला लागला.

पुढच्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं. सहावा महिना होता. बायका येऊन सांगून गेल्या, वय आहे, होईल पुन्हा. राहुल चार दिवस राहून गेला. पंधराव्या दिवशी मी दुकानात बसले. माझ्याकडे फॉर्म कसले यायचे तुम्हाला माहीतच आहे. तान्ही बाळं घेऊन बायका यायच्या, जन्माच्या दाखल्यासाठी, आधारसाठी. मी बाळाचं नाव विचारायचे, स्पेलिंग विचारायचे, हसायचे, प्रिंट काढून द्यायचे. मला वाटत होतं की मी चांगलं निभावते आहे.

त्याच सुमारास तुम्ही एकटेच वाशिमला तपासणीला गेलात आणि येताना एक केसपेपर घेऊन आलात. त्यावर माझं नाव होतं, सुजाता.

"हे काय, मामाजी?"

"तुह्यं हाय. मॅडमनं सोमवारी बोलावलं तुले."

"मी कधी दाखवलं त्यांना?"

"मी दाखवलं." तुम्ही फोन पुढे केलात.

एकोणीस दिवस तुम्ही त्या ॲपमध्ये स्वतःचं काहीच भरलं नव्हतं, माझं भरलं होतं. माझे चेहरे, तुम्हाला दिसले तसे. त्यात एकही हसरा नव्हता. जेवणात 'अर्धी भाकर'. झोपेत 'चार वाजता लाइट लागला होता'. एका दिवशी 'राहुलचा फोन, हो-नाई शिवाय बोलली नाई'. आणि पाच-सहा दिवस लागोपाठ एकच गोष्ट: 'गुनगुन नाई'. झेरॉक्स काढताना मी काही गुणगुणते, हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

मला इतका संताप आला. "मी काय मोटार आहे का, मामाजी? कुणाला विचारून मला मीटर लावलं?" पलीकडे रफिकभाईंचं शिलाई मशीन थांबलं. सासऱ्याशी इतक्या मोठ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते.

"तूनं नाई का मले लावलं?" तुम्ही म्हणालात.

"तुम्हाला विचारून लावलं."

तुम्ही थोडा वेळ हातातल्या पकडीकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "हे बराबर हाय. माह्यं चुकलं. घे, तुह्या हातानं पूस." मी एकोणीसच्या एकोणीस दिवस तुमच्यासमोर पुसून टाकले, आणि केसपेपर लॅपटॉपच्या बॅगेत कोंबला. तो सोमवार गेला. आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. सहाला दोन चहा यायचे, तुमचा तसाच निवायचा.

नवव्या दिवशी सकाळी एक बाई दोन महिन्यांची मुलगी घेऊन आली. मी नाव विचारलं, तिने सांगितलं, आणि मला पहिलं अक्षर दाबता येईना. बोटच उचलेना. मी तिला उद्या यायला सांगून लॅपटॉप मिटला आणि फळीच्या तुमच्या बाजूला येऊन आत्याबाईंच्या स्टुलावर बसले.

"मामाजी, सकाळी जाग आली की वाईट वाटतं. वाटतं, आली कशाला. यायला नको होती."

'असं बोलू नये' म्हणाला नाहीत तुम्ही. देवाधर्माचं, नशिबाचं काही काढलं नाहीत. पकड खाली ठेवलीत.

"कधीपासून?"

"बाळ गेलं तेव्हापासून."

"आज बी?"

"आज पण."

"राहुलले सांगतलं?"

"नाही."

"मले सांगतलं ना, बस झालं. ऊठ."

ऐन गर्दीचे दिवस, दारात चार जणांच्या मोटारी पडलेल्या, आणि तुम्ही सकाळी अकराला शटर ओढलंत. एक माणूस म्हणाला, काका, गहू वाळून राह्यला. तुम्ही म्हणालात, "घरी बीमार हाय कोनी." एवढंच. कोण, काय, काही नाही. रिसोडला गाडी बदलताना तुम्ही मला उसाचा रस घेऊन दिला आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभे राहिलात. वाशिमला मी आत मॅडमशी तासभर बोलले, बाळाबद्दल पहिल्यांदा मोठ्याने बोलले. बाहेर आले तर तुम्ही बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसलेले. आत काय झालं हे विचारलं नाहीत. "पुन्हा कधी यायचं?" एवढंच विचारलंत.

ठराव झाला तो परतीच्या बसमध्ये. मी म्हटलं, "तुमचा फोन तुमचा, माझा माझा. तुमचं मी बघणार नाही, माझं तुम्ही बघायचं नाही. विचारायचं ते तोंडाने."

"मंजूर," तुम्ही म्हणालात, आणि पंचायतीत ठराव पास होतो तसा हात वर केलात.

मला बरं व्हायला सात-आठ महिने लागले. एक दिवस रफिकभाई सुट्टे पैसे घ्यायच्या निमित्ताने आले आणि मला म्हणाले, "भाभी, आज तुमचं गाणं चालू झालं. मामूनं ड्रिल बंद करून ऐकलं." तुम्ही मला त्यातलं काही सांगितलं नाहीत. ठराव पाळलात.

भांडण मात्र रोजचं. "आज काय दाबलंत?" "इचारायचं नाई ठरलं." "तोंडाने विचारते आहे." "टकाटक." मी म्हणायचे, डॉक्टरांसमोर तरी खरं दाबा. तुम्ही म्हणायचात, "अवं, रडका दाबला की मनाले वाटते, खरंच रडून राह्यलो. हसरा दाबला तं थोडं लाजून का होईना, हासते." मी एकदा तुम्हाला पकडलं. म्हटलं, "मग मीटरची सुई बोटाने पुढे ढकलली की व्होल्टेज येतं का?" त्या दिवशी तुमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडता उघडता म्हणालात, "आपल्या गावात तं तसंच येते." रात्रभर शोधलंत ना ते उत्तर?

तुम्ही गेलात त्या मंगळवारी मी झेरॉक्सची शाई आणायला रिसोडला गेले होते. दुपारी तीनला रफिकभाईंचा फोन आला. तुम्ही टेबलावर डोकं टेकवलं होतं. त्यांना वाटलं डोळा लागला, म्हणून त्यांनी बाहेरच्या गिऱ्हाइकाला हळू बोलायला सांगितलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुमच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी रफिकभाईंच्या हातात. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं.

सहाव्या दिवशी मी राहुलला लॉक सांगितलं. तो अंगणात बसून एकेकाला फोन लावत होता. मग त्याचा आवाज बंद झाला. बऱ्याच वेळाने तो आत आला आणि फोन माझ्यासमोर धरला.

ॲप उघडं होतं. शेवटचे दोन आठवडे, सगळे हसरे चेहरे. खाली टिपांची जागा होती. तुम्ही स्वतःचंही तिथे बोलून लिहिता हे मला ठाऊक नव्हतं.

'मोटार उचलली तं दम लागला.'

'बाजारातून येता येता दोनदा थांबलो.'

'छाती जड. उन्हाचं असन.'

'आज बी दम. सुजाताले सांगाव का. उद्या सांगतो.'

त्यानंतर तीन दिवस काही नाही. नुसते हसरे चेहरे.

"तू रोज समोर बसत होतीस," राहुल म्हणाला. "तुला दिसलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. मग ठरावाचं सांगावं लागलं, आणि ठरावाचं सांगायचं तर माझं सगळंच सांगावं लागलं. बाळानंतरचं, वाशिमचं, त्या स्टुलावर बसून जे बोलले ते. त्याला आजवर वाटत होतं, मी अशक्तपणाच्या गोळ्या घेते आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू वेड्याचा डॉक्टर म्हणाला होतास म्हणून."

तो भिंतीला टेकून खाली बसला. तुमचा मुलगा बसला की तुमच्यासारखाच दिसतो, एक गुडघा वर करून.

मामाजी, मला तुमचा राग आला आहे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, आणि आता माझ्यासमोर पकडीकडे बघत 'बराबर हाय' म्हणायला तुम्ही नाही आहात. माझी अर्धी भाकर मोजलीत. माझा चार वाजताचा लाइट मोजलात. आणि स्वतःचा श्वास एका यंत्राला सांगून ठेवलात, फळीच्या पलीकडे हातभर अंतरावर मी बसलेली असताना. 'उद्या सांगतो.' असे किती उद्या आहेत असं तुम्हाला वाटलं होतं?

पण राहुलला मी 'दिसलं नाही' म्हटलं ना, ते त्या आठवड्यातलं माझं दुसरं खोटं. दिसलं होतं. शेवटच्या शनिवारी तुम्ही एक लहानशी मोटार उचलायला रफिकभाईंना हाक मारली होती. तुम्ही, जे पंचाहत्तर किलोची मोटार एकट्याने टेबलावर चढवायचात. मी मान वळवून विचारलं, "काय झालं, मामाजी?" "टकाटक," तुम्ही म्हणालात. तुमच्या ओठांवर घाम होता. माझ्यासमोर फॉर्मची शेवटची तारीख असलेली आठ पोरं उभी होती, आणि मला ते 'टकाटक' खरं मानणं सोयीचं होतं. मी मानलं. तुम्ही खोटं बोललात आणि मी ते घेतलं. त्यात ठरावाचा काही संबंध नव्हता.

गेल्या आठवड्यात माझी वाशिमची तारीख होती. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी उगाच समजूत घातली नाही. म्हणाल्या, "त्या ॲपमध्ये छातीचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांनी जागा मिळेल तिथे लिहिलं. मागच्या वेळी मीही चेहरेच बघितले, सुजाता. टिपा उघडून बघायची सवय मलाही नव्हती. आता लावून घेते." मग त्यांनी विचारलं, तुला कुणाचा राग येतोय? मी म्हटलं, दोघांचा. त्या म्हणाल्या, येऊ दे.

आणि एक गोष्ट आहे, ती त्यांनाही सांगितली नाही. ते एकोणीस दिवस मी पुसायला नको होते. तेव्हा मला ती पाळत वाटली होती. आता वाटतं, माझ्या उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी माझं गुणगुणणं बंद झाल्याची नोंद ठेवली होती का? आईनेही नाही. तुम्ही चुकलात हे मी अजूनही म्हणते, आणि त्या चुकीमुळे मी आज आहे हेही म्हणते. तुम्ही दाखवलं नसतं तर मॅडमनी बोलावलं नसतं, आणि मी स्वतःहून गेले नसते. केसपेपर बॅगेत होता म्हणून त्या दिवशी आपण थेट आत जाऊ शकलो. याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडे सासऱ्याचे आभार कोण मानतं? मानायला हवे होते. मानते.

तुमच्याकडे आलेल्या मोटारी रफिकभाई एकेक करून परत देत आहेत. लोक घेऊन जातात आणि दुकानासमोर थोडा वेळ उभे राहतात. माझी बाजू मी उघडी ठेवली होती, कालपर्यंत.

राहुल पुण्यानुमोदन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर गेला. रोज सकाळी कंपनीच्या बसमधून फोन करतो. आज सकाळीही आला. मी विचारलं, कसा आहेस? "मजेत," म्हणाला. पण मागे बसचा आवाज नव्हता, हे आज पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. पंख्याचा होता.

"खोलीवर आहेस?"

"हो. आज सुट्टी आहे."

"आज कसली सुट्टी?"

मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. घाई केली नाही.

"चार दिवस झाले, गेलोच नाही," तो म्हणाला. "सकाळी उठतो, बूट घालतो आणि बूट घालून बसून राहतो. पोरं ड्युटीला जातात, येतात. मी तसाच. त्यांना वाटतं, तब्येत ठीक नाही."

"जेवलास?"

"काल काहीतरी खाल्लं होतं."

"मी येते."

"तू कशाला येतेस एवढ्या लांब? दुकान कोण बघेल? मी ठीक आहे, म्हणजे तसं काही..." तो बोलता बोलता थांबला. पंखा तेवढा ऐकू येत होता. मामाजी, त्या थांबण्यात तो काय शोधत होता ते मला समजलं, कारण मीही एकदा तेच शोधत फळी ओलांडून आले होते. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"ये," तो म्हणाला.

तुमच्या मुलाने मला लग्नानंतर पहिल्यांदा 'ये' म्हटलं. दुकानाची किल्ली रफिकभाईंकडे दिली आहे. चारची गाडी आहे, मी निघते.